कामेदानीचा कोरडा कचरा

मी एक जुना कॅलरीमापी आहे. नाव ऐकून तुम्हाला वाटेल की मी तुमच्या ताटातले मोजतो. नाही, मित्रांनो, मी ताटातले टाकून दिलेले मोजतो. घराघरातला कचरा भट्टीत जाळला तर त्यातून किती उष्णता मिळेल, हे सांगणे माझे काम. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव तापट आहे. ज्याच्या पोटात लोकांनी आयुष्यभर आगच लावली, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा तुम्ही ठेवू नका.

ओसाकाजवळच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. जाड पोलादाचा डबा, त्याला आट्यांचे घट्ट झाकण, आत एक चिमुकली वाटी आणि बाहेर पाण्याची बादली, एवढाच माझा देह. वाटीत नमुन्याची गोळी ठेवायची, तिला बारीक तार टेकवायची, डब्यात दाबून प्राणवायू भरायचा आणि डबा पाण्यात सोडायचा. बटण दाबले की तार लाल होते आणि गोळी जळून जाते. बाहेर काही दिसत नाही. फक्त बादलीतले पाणी थोडेसे तापते. ते किती तापले यावरून गोळीत किती उष्णता होती ते कळते.

माझी पहिली नोकरी उत्तरेकडच्या बेटावर, कोळशाच्या खाणीत होती. ते दिवस मानाचे होते. खाणीतले मोठे साहेब माझा आकडा ऐकायला स्वतः येत आणि दारात बूट झटकून आत शिरत. कोळसा कधी नटूनथटून येत नसे. जसा जमिनीत असे तसाच माझ्या वाटीत पडे, चांगला असेल तर चांगला, वाईट असेल तर वाईट. मी सांगेन ते सगळे मुकाट्याने ऐकत. पुढे खाण बंद पडली, लोक गाव सोडून गेले आणि मला लाकडाच्या भुशात पुरून खोक्यात घातले गेले.

खोके उघडले ते हानेझाकीच्या नगरपालिकेत, कचरा जाळण्याच्या भट्टीशेजारच्या प्रयोगशाळेत. तेव्हापासून मी इथेच आहे. माझी देखभाल करणारे इनुझुका-सान ('सान' म्हणजे तुमचे आदराचे 'जी') हे सरळमार्गी गृहस्थ. हात इतका हलका की वाटीत गोळी ठेवताना आवाज होत नसे. पण त्यांचा एक दोष मला सुरुवातीपासून खुपत आला. त्यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. एखादी गोष्ट साफ चुकीची असली तरी ते मान तिरकी करून, दातांतून हवा ओढून म्हणायचे, "हं... जरा अवघड दिसतंय." आणि समोरचा माणूस त्याचा अर्थ 'होईल' असा लावून निघून जायचा.

आता माझे खरे दुखणे ऐका. कचऱ्याच्या गाडीतला ढीग निळ्या ताडपत्रीवर ओततात, कालवतात, त्याचे चार भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकून देतात, उरलेला पुन्हा कालवतात. असे करत करत बादलीभर नमुना उरतो. ज्या वस्तीचा कचरा, तिथल्याच बायकांनी तो हाताने निवडायचा. कागद आणि कापड एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, लाकूड, खरकटे, दगड आणि धातू वेगळे. मग सगळे प्रयोगशाळेतल्या वाळवण्याच्या छोट्या भट्टीत वाळवतात, दळतात आणि गोळी करून मला देतात. म्हणजे माझ्या वाट्याला येते ते नेहमी वाळलेलेच! आणि खरा खेळ तर पाण्याचा असतो. ओले लाकूड चुलीत घातले तर आधी त्यातले पाणी उडवण्यातच चुलीचा जीव जातो, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना ठाऊक असेल. कचऱ्याचेही तेच. म्हणून वाळवताना किती पाणी गेले ते तोलतात आणि त्याचा भार माझ्या आकड्यातून वजा करतात. उरते ती खरी उष्णता. माझे काम निम्मेच आहे. पण काही चुकले की नाव पुढे येते ते फक्त माझे.

गावाने नवी भट्टी बांधायची ठरवली तेव्हा जागेचा प्रश्न आला. कचऱ्याची भट्टी आपल्या दाराशी कुणाला हवी असते? शेवटी कामेदानी या दरीतल्या वस्तीने होकार दिला, पण एका अटीवर. भट्टीच्या उष्णतेवर तापवलेल्या पाण्याचे स्नानगृह वस्तीसाठी बांधायचे. कामेदानीतले जुने स्नानगृह मालक वारला तेव्हाच बंद पडले होते आणि वस्तीत राहत होती ती बहुतेक म्हातारी माणसे.

हा होकार मिळवला तो तोकिए-सान यांनी. वस्तीतल्या बायकांच्या मंडळाच्या त्या प्रमुख. बुटक्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज असा की दरीच्या त्या टोकाला ऐकू जावा. त्या घरोघरी गेल्या, दारोदारी वाकून विनवण्या केल्या. त्यांचे कारण सगळ्यांना माहीत होते. त्यांचे यजमान यासाबुरो आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. या लोकांत गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही, आणि आजोबांचे अंग मात्र कितीतरी वर्षे फक्त ओल्या कापडाने पुसले जात होते. घरातल्या खोल टबात त्यांना उतरवणे तोकिए-सानच्या कमरेला शक्य नव्हते. नव्या स्नानगृहात माणसाला बसवून पाण्यात सोडणारी खुर्ची असणार होती.

"मला स्वतःसाठी काही नको," नमुना निवडायला आल्या असताना त्या इनुझुका-सानना म्हणाल्या होत्या. "यांना एकदा गळ्यापर्यंत बसवायचंय. मग मी सुटले."

मित्रांनो, यात कुणाचे काय चुकले, सांगा. कुणाचेच नाही. म्हणून तर मला जास्त राग येतो.

नवी भट्टी केवढी बांधायची, तिच्यातून स्नानगृहाला किती उष्णता देता येईल, हे ठरवायला कचऱ्याची तपासणी नव्याने करायची होती. तपासणी कामेदानीच्या कचऱ्याची व्हायची होती, कारण दरीचाच कचरा त्या भट्टीत आधी जायचा होता. या कामावर सेगावा साहेब होते. अंगावर नेहमी इस्त्रीचा सदरा, बोलणे मऊ, आणि कुणाचे मन दुखावले जाऊ नये याची त्यांना भारी काळजी.

"इनुझुका-सान, लोकांच्या पिशव्या न सांगता उघडायच्या, हे मला बरं वाटत नाही," ते म्हणाले. "कुणाच्या घरातलं काय निघेल, काय नाही. आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून सांगून टाकू."

"हं... जरा अवघड दिसतंय," इनुझुका-सान म्हणाले.

"नाही नाही, सोपं आहे. भोंगा तर रोज संध्याकाळी वाजतोच ना! त्यातच दोन वाक्यं घालायची."

झाले! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मुलांनी घरी परतावे म्हणून रोज वाजणारी धून संपल्यावर, डोंगरात भोंगा घुमला. "कामेदानीच्या रहिवाशांना नम्र विनंती. उद्या सकाळी तुमच्या कचऱ्याची तपासणी होणार आहे. गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून हे ऐकत होतो. मला हात असते तर मी त्या भोंग्यात बोळा कोंबला असता.

पाहुणे येणार म्हटल्यावर तुमच्या घरी काय होते ते आठवा. कामेदानीत तेच झाले. सकाळी ताडपत्रीवर ज्या पिशव्या आल्या त्या पाहून मला हसावे की रडावे कळेना. भाज्यांची साले मुठीत पिळून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चहाचा चोथा वाळत घालून कडकडीत केलेला. कलिंगडांचा हंगाम असून कलिंगडाचे एक साल दिसेना. जुनी मासिके, लाकडी चॉपस्टिक्स, स्वच्छ धुतलेली कापडे. डोक्याला पंचे बांधून, हातमोजे घालून निवडायला बसलेल्या बायका खुशीत होत्या.

"बघा हो इनुझुका-सान!" तोकिए-सान ओरडल्या. "लाज वाटावी असं काही सापडतंय का?"

"नाही, नाही. फारच... नीटनेटकं आहे."

"मग! आमच्या वस्तीला नाव ठेवायला जागा नाही म्हटलं."

सगळ्या हसल्या. जवाचा गार चहा फिरला. इनुझुका-साननी नमुना तोलला, वाळवला, पुन्हा तोलला आणि बराच वेळ काट्याकडे पाहत बसले. पाणी फारच थोडे उडाले होते. त्यांना संशय आला, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या वाटीत गोळी ठेवताना पहिल्यांदाच आवाज झाला. पण ते बोलले काय? "हं... कोरडं वर्ष दिसतंय." त्या वर्षी पाऊस कमी होता, हे खरे. पण पावसाचा आणि भाज्यांच्या सालांचा काय संबंध?

मी माझे काम चोख केले. गोळी जळली, पाणी तापले, मी आकडा दिला. त्यातून थोडेसे पाणी वजा झाले आणि जो आकडा उरला तो पाहून सेगावा साहेब टाळ्या वाजवायचेच बाकी राहिले. पुढच्या हंगामांतही तपासण्या झाल्या. प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी भोंगा, प्रत्येक वेळी तसाच नटलेला कचरा, प्रत्येक वेळी तोच गुटगुटीत आकडा. मी आतल्या आत जळफळत होतो. पण मला बोलायला एकच भाषा येते, पाण्याच्या उष्णतेची, आणि त्या भाषेत मी जे मला दिले जाते त्याबद्दलच बोलू शकतो. जे मला दिलेच नाही त्याबद्दल कसे बोलणार?

नवी भट्टी उभी राहिली. स्नानगृहही झाले, निळ्या फरशीचे, मोठ्या हौदाचे, खुर्चीसकट. उद्घाटनाला तांबड्या डाळीचा भात वाटला गेला. आणि हौदात पाणी कसे होते? कोमट! तुमच्याकडे आंघोळीचे पाणी चुलीवरून लवकर उतरवले की जसे होते, तसे. भट्टीत रोजचा खरा कचरा गेला होता, ओलाचिंब. आग धुमसत होती, विझू पाहत होती आणि तिला धरून ठेवायला रॉकेलचे फवारे मारावे लागत होते. हौदाला उष्णता उरतच नव्हती. पहिल्या बर्फाबरोबर स्नानगृहाच्या दारावर पाटी लागली, 'काही काळ बंद'.

मग सगळ्यांनी दोष कुणाला दिला असेल? मला!

"यंत्र फार जुनं आहे हो," सेगावा साहेब खेदाने म्हणाले. "खाणीतलं. त्याला कचऱ्यातलं काय कळणार?"

इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर हे ऐकावे लागले. इनुझुका-साननी माझी परीक्षा घेतली. ज्याची उष्णता आधीपासून पक्की माहीत असते अशा शुद्ध पदार्थाची गोळी माझ्यात जाळली. मी बरोबर तोच आकडा दिला, केसाचाही फरक नाही. त्यांनी ते साहेबांना सांगितले. साहेबांनी मान डोलावली आणि नव्या यंत्राची मागणी पाठवून दिली. माझ्यावर प्लास्टिकचे कापड आले. मात्र नवे यंत्र येईपर्यंत कचऱ्याची फेरतपासणी माझ्यावरच करायची ठरली. आणि मित्रांनो, ऐकून थक्क व्हाल, तिचीही घोषणा भोंग्यावरून झाली. दिलगिरीसकट!

घोषणा झाली त्याच संध्याकाळी तोकिए-सान प्रयोगशाळेत आल्या. बुटांवरचा बर्फही झटकला नाही.

"परत कसली तपासणी? पास झालो होतो ना आम्ही?" त्या कडाडल्या. "अहो, काय कमी केलं सांगा! कलिंगडाची सालं परसात झाकून ठेवली. भिजलेले भाजीचे देठ अडवून धरले. साठ घरांना दटावून सांगितलं, ओलं काही बाहेर काढलंत तर याद राखा! आणि तरी पाणी थंडच? यांना काय सांगू मी? रोज विचारतात, आज तापलं का."

इनुझुका-सान खुर्चीत बसलेच. "म्हणजे ते ओलं सगळं..."

"दुसऱ्या दिवशी टाकलं. मग काय घरात ठेवायचं?"

"आणखी काय ठेवलं होतं मागे?"

तोकिए-साननी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवले.

"तोकिए-सान, पाणी तापत नाहीये ते मशिनमुळे नाही," इनुझुका-सान म्हणाले. मान तिरकी नव्हती, दातांतून हवा नव्हती. "आम्हाला तुमचा खरा कचरा कधी मिळालाच नाही. भट्टी बांधली ती त्या दिवसाच्या कचऱ्यावर. चूक माझी. मला तेव्हाच शंका आली होती, आणि मी बोललो नाही."

तोकिए-साननी वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडल्या. दारातून बर्फ आत आला तो तसाच वितळत राहिला.

सकाळी ताडपत्री अंथरली गेली. पिशव्या आल्या, पुन्हा तशाच नीटनेटक्या. बायका बसल्या. सेगावा साहेबही छत्री घेऊन उभे होते. तोकिए-सान सगळ्यांत शेवटी आल्या, चाकांची एक हातगाडी ओढत. तिच्यावर दोन काळ्या पिशव्या होत्या, दोरीने दोनदा बांधलेल्या. त्यांनी गाडी ताडपत्रीच्या मधोमध नेली, दोरी सोडली आणि पिशव्या ओतल्या.

डायपर होते. मोठ्या माणसाचे, फुगलेले, जड. वास पसरला. निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"यांचे आहेत," तोकिए-सान म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा दरीभर गेला नाही. "रोजचे. तपासणीच्या दिवशी मी शेडमध्ये लपवून ठेवायची. लोकांनी माझ्या नवऱ्याची घाण हाताने निवडावी, हे मला सहन होईना. धरा, तोला."

सेगावा साहेब पुढे झाले. "अहो तोकिए-सान, तुम्ही असं... याची काही गरज नाही हो. हे आपण बाजूला ठेवू या."

"साहेब, गप्प बसा जरा! तुमच्या सभ्यपणानंच आमचं पाणी थंड पडलंय."

मग कोपऱ्यातली एक म्हातारी उठली, हातमोजे काढले आणि घराकडे चालू लागली. थोड्या वेळाने ती परतली तेव्हा तिच्याही हातात काळी पिशवी होती, सासूच्या डायपरची. मग दुसरी उठली. तिसरी म्हणाली, "माझे माझेच आहेत," आणि लाल झाली, आणि गेली. दरीतल्या जवळजवळ निम्म्या घरांत शेडच्या आत एकेक पिशवी होती. प्रत्येकीला वाटत होते की आपली एकटीचीच आहे.

त्या दिवसाचा नमुना वाळायला इतका वेळ लागला की इनुझुका-साननी वाळवण्याच्या भट्टीचे दार उघडून पुन्हा पुन्हा पाहिले. निम्म्याहून अधिक वजन पाणी होऊन उडून गेले. गोळी माझ्या वाटीत आली. मी जाळली. माझा आकडा ठीकच होता. पण त्यातून त्या सगळ्या पाण्याचा भार वजा झाल्यावर जे उरले ते अगदी केविलवाणे होते.

"हा आकडा वर पाठवता येणार नाही," सेगावा साहेब हळूच म्हणाले. "मोठा हौद रद्द करावा लागेल. लोक काय म्हणतील?"

"हाच जाईल," इनुझुका-सान म्हणाले.

"अहो, पण..."

"नाही."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला, आणि खरे सांगतो, माझ्या झाकणाचे आटे सैल झाल्यासारखे वाटले.

मोठा हौद रद्दच झाला. तो रिकामाच राहिला, त्याच्या निळ्या फरशीवर आता धूळ बसते आणि त्याचा मला अजून राग येतो, कारण तो बांधण्याची गरजच नव्हती. भट्टीत कचरा थोडा थोडा घालू लागले, पाणी निथळू देऊ लागले, नासपतीच्या बागांतल्या छाटलेल्या वाळक्या फांद्या त्यात मिसळू लागले. डायपर वेगळे गोळा होऊ लागले, उघडपणे, प्रत्येक घराच्या दाराशी. एवढ्याने जी उष्णता उरली ती एका लहान टबापुरती होती. पण त्या टबाला ती पुरली.

पहिल्या दिवशी यासाबुरो आजोबांना खुर्चीत बसवून खाली सोडले. तोकिए-साननीच नंतर प्रयोगशाळेत येऊन सांगितले, हसत आणि डोळे पुसत. पाणी गळ्याशी आले तसे आजोबांनी डोळे वटारले आणि सगळ्या स्नानगृहाला ऐकू जाईल असे ओरडले, "काय गं, उकडून मारतेस की काय मला! गार पाणी घाल थोडं!"

तर मित्रांनो, उद्या कुणी तुमच्या घरचा कचरा मोजायला आले, तर तो धुऊनपुसून, नटवून त्यांच्या हाती देऊ नका. जसा आहे तसा द्या, ओला तर ओला. त्याची लाज वाटली तरी द्या. आणि मोजणाऱ्यांनो, तुमचे यंत्र जुने दिसले म्हणून त्याच्यावर कापड टाकण्याआधी, त्याला तुम्ही काय खायला घातलेत ते एकदा आठवा. म्हातारी माणसे फार काळ वाट पाहू शकत नाहीत.